कंदीलपुष्पाचा सापळा

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर दिसू लागतो. वर बराचसा सपाट माथा, त्याखाली उभे काळे कडे आणि पायथ्याशी गाव. भाविक हनुमानाचे जन्मस्थान म्हणून हा डोंगर चढतात, ट्रेकर किल्ला म्हणून चढतात आणि पक्षिनिरीक्षक कड्यांवरच्या गिधाडांसाठी येतात. या सगळ्यांच्या वाटेच्या कडेला श्रावण-भाद्रपदात एक लहानशी वनस्पती उभी असते. उंचीने फार तर गुडघ्यापर्यंत, आणि आजूबाजूच्या गवतात सहज हरवणारी. तिचे शास्त्रीय नाव सेरोपेजिया अंजनेरिका. मालपुरे, कांबळे आणि यादव या अभ्यासकांनी २००६ साली शास्त्राला नवी जात म्हणून ती जाहीर केली. जगाच्या पाठीवर ती आपणहून उगवते ती फक्त अंजनेरीवर आणि त्याच्या आसपासच्या डोंगरांवर.

एखादी वनस्पती इतक्या थोडक्या जागेत का राहते? आणि तिथेही तिची संख्या का वाढत नाही? माणसाचा उपद्रव हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. उरलेले उत्तर तिच्या फुलाच्या रचनेत आणि तिच्या जगण्याच्या रीतीत आहे. ते टप्प्याटप्प्याने पाहू.

घराणे

सेरोपेजिया ही रुई-मांदाराच्या कुळातली प्रजाती. तिच्या जाती आफ्रिकेपासून आशियापर्यंत पसरलेल्या आहेत. भारतात पन्नासहून अधिक जाती सापडतात आणि त्यांचा मोठा वाटा पश्चिम घाटात आहे. फुलाच्या आकारावरून मराठीत या सगळ्यांना कंदीलपुष्प म्हणतात. डोंगरातल्या माणसांची नावे वेगळी आहेत. खरपुडी, हमण, पाताळतुंबडी ही नावे वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या जातींना लावली जातात.

महाराष्ट्रातल्या कंदीलपुष्पांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिला वेलींचा. त्या झुडपांच्या आधाराने वर चढतात आणि त्यांच्यातल्या काही जाती बऱ्याच भागांत आढळतात. दुसरा गट ताठ उभ्या राहणाऱ्या, कोणाचाही आधार न घेणाऱ्या लहान वनस्पतींचा. हा गट बहुतांशी उघड्या पठारांवर, सड्यांवर आणि गडांच्या माथ्यांवर वाढतो. तिथे चढायला झुडूप नसते, वारा जोराचा असतो आणि मातीचा थर जेमतेम असतो, त्यामुळे ठेंगणे राहणेच परवडते. अंजनेरिका या दुसऱ्या गटातली. तिची जवळची नातलग सेरोपेजिया लॉवाय ही हरिश्चंद्रगडाच्या परिसरातली.

या प्रजातीच्या नावांवरून नजर फिरवली तरी सह्याद्रीचा नकाशा उभा राहतो. पांचगणिएन्सिस, सह्याद्रिका, कोंकणेन्सिस ही नावे गावांची, डोंगरांची आणि प्रदेशांची. काही नावे माणसांची आहेत. मॅकॅनाय हे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीतले निसर्गअभ्यासक चार्ल्स मॅकॅन यांच्यावरून, महाबळेई हे पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ महाबळे यांच्यावरून, तर सांतापावाय हे फादर सांतापाव यांच्यावरून. प्रत्येक जातीचा मुलूख छोटा. कोणाकडे एक पठार, कोणाकडे दोन-तीन गड, कोणाकडे घाटातला एखादा कडा.

वर्षाचे आठ महिने जमिनीखाली

कंदीलपुष्पाचे खरे घर जमिनीखाली असते. खडकाच्या फटीत, जिथे थोडी माती साचलेली असते, तिथे त्याचा कंद असतो. गोलसर, बहुधा वरून-खालून चपटा. उन्हाळ्यात अंजनेरीचा माथा तापून निघतो, गवत वाळून पिवळे पडते, आणि कंदीलपुष्पाचे वर नामोनिशाण नसते. सगळे पाणी आणि सगळे पिठूळ अन्न कंदात साठवून ते गप्प पडून असते.

मृगाच्या सरी कोसळल्या, फटीतली माती भिजली, की कंदातून एक कोवळा कोंब वर येतो. जुलैत पाने फुटतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पावसाचा जोर ओसरू लागला की फुले येतात. त्यानंतर शेंगा धरतात. ऑक्टोबरच्या उन्हाने पठार सुकू लागते तसे खोड वाळते आणि कंद पुन्हा एकटा उरतो. चार महिन्यांत उगवायचे, फुलायचे, बी धरायचे आणि वर पुढच्या आठ महिन्यांची शिधासामग्रीही कंदात भरून ठेवायची. एखाद्या वर्षी हे खोड फुले येण्याआधीच गुराने खाल्ले, तर बी मिळत नाही आणि कंदातली भरही कमी पडते. असे लागोपाठ काही वर्षे घडले तर कंद संपतो.

फुलाची रचना

आता फुलाकडे. बहुतेक जातींत ते दोन ते पाच सेंटिमीटर लांब असते आणि त्याचे तीन भाग डोळ्यांनाही वेगळे दिसतात. तळाशी फुगीर कुपी. तिच्यावर अरुंद नळी. नळीच्या तोंडाशी पाच पाकळ्या, पण त्या इतर फुलांसारख्या उमलून पसरत नाहीत. अनेक जातींत त्यांची टोके वर एकमेकींना चिकटलेली राहतात आणि मध्ये पाच खिडक्या उरतात. हाच तो कंदील.

हे फूल मधमाशीसाठी नाही, फुलपाखरासाठीही नाही. आत जाण्याच्या वाटेच्या मापात बसतात ती चिलटे, म्हणजे काही मिलिमीटर लांबीच्या बारीक माश्या. सेरोपेजियाच्या ज्या ज्या जातींचे परागवाहक अभ्यासले गेले, त्या सगळ्यांमध्ये हे काम अशा बारीक माश्यांकडेच असल्याचे दिसले आहे. काम पुढीलप्रमाणे चालते.

पहिला टप्पा, बोलावणे. पाकळ्यांच्या टोकांशी गंध तयार करणाऱ्या पेशी असतात. माणसाच्या नाकाला तो वास बहुधा जाणवतही नाही, पण चिलटाला तो खाद्याची किंवा अंडी घालण्याच्या जागेची खबर वाटतो. यातली लबाडी कुठवर जाते याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या सेरोपेजिया सँडरसोनाय या जातीचे आहे. कोळ्याने पकडलेल्या मधमाशीच्या अंगातून जे रस पाझरतात, त्यांवर जगणाऱ्या काही माश्या असतात. घायाळ मधमाशी जो गंध सोडते त्याची नक्कल हे फूल करते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. मेजवानीच्या आशेने माशी येते आणि समोर असते फूल.

दुसरा टप्पा, घसरण. चिलट पाकळीवर उतरते, खिडकीतून आत शिरते. आतला पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तिथे पायांना पकड मिळत नाही, आणि ते नळीत घसरते.

तिसरा टप्पा, एकेरी वाट. नळीच्या आत केस असतात, आणि त्यांची टोके खाली, कुपीच्या दिशेने रोखलेली असतात. ओढ्यात मासे धरायला लावतात त्या बांबूच्या सापळ्याच्या तोंडातल्या काड्या जशा आत वळवलेल्या असतात, तशीच ही योजना. खाली जाणाऱ्या चिलटाला केस वाट देतात, वर येऊ पाहणाऱ्याला अडवतात.

चौथा टप्पा, उजेडाची फसवणूक. अडकलेली माशी उजेडाकडे धाव घेते. नळी आतून अंधारी असते, पण बऱ्याच जातींत कुपीच्या भिंतीला फिकट, जवळजवळ पारदर्शक पट्टे असतात. बाहेरचा उजेड तिथून आत येतो. सुटकेची वाट वर असूनही माशी खालच्या उजेडाकडेच धडपडत राहते. आणि नेमके तिथेच, कुपीच्या तळाशी, फुलाचे पुंकेसर आणि कुक्षी एकत्र जुळून तयार झालेला छोटा स्तंभ उभा असतो. त्याच्या बुडाशी थोडा मधुरस असतो. कैदेत पडलेले चिलट तो चाखू लागते.

पाचवा टप्पा समजायला पराग कसा असतो हे आधी पाहावे लागेल.

परागाची पुडी

जास्वंदीच्या फुलाला बोट लावले की पिवळी धूळ लागते. ती सुट्या परागकणांची. रुईच्या कुळात अशी धूळ नसते. इथे परागकण एकत्र चिकटून मेणचट पिशव्या बनतात. दोन पिशव्या एका बारीक, गडद चिमट्याला लटकलेल्या असतात आणि एका फुलात असे पाच जोड असतात.

हे पाहायला अंजनेरी चढण्याची गरज नाही. रस्त्याकडेच्या रुईचे ताजे उमललेले फूल घ्या. तोडताना निघणारा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, तो घातक असतो. फुलाच्या मधोमध पंचकोनी माथ्याचा स्तंभ असेल. त्याच्या कडांवर पाच उभ्या, केसाएवढ्या फटी दिसतील आणि प्रत्येक फटीच्या वरच्या टोकाला एक काळपट ठिपका असेल. बारीक सुईचे टोक फटीत खालून अलगद घाला आणि फटीतूनच वर ओढत ठिपक्यापर्यंत न्या. ठिपका सुईला पकडतो, आणि सुई बाहेर काढली की तिला लोंबणाऱ्या दोन चपट्या पिवळ्या पिशव्या दिसतात. सुईच्या जागी भुंग्याचा पाय आहे असे समजा, म्हणजे रुईचे परागीभवन कळले.

कंदीलपुष्पात हाच प्रकार कितीतरी लहान मापात घडतो. मधुरस चाखताना चिलटाची सोंड फटीत अडकते. ती सोडवण्यासाठी ते झटका देते आणि चिमटा सोंडेला बसतो. हा पाचवा टप्पा.

सहावा टप्पा, सुटका. एखादा दिवस, कधी त्याहून जास्त वेळ गेला की नळीतले केस सुकून आक्रसतात. इतका वेळ उभे असलेले फूल कलते, नळी आडवी होते. वाट मोकळी झाली की चिलट बाहेर पडते, सोंडेला पुडी घेऊन. फुलाने त्याला मारले नाही, खाल्ले नाही. घटपर्णीसारख्या कीटकभक्षी वनस्पतींशी कंदीलपुष्पाची गल्लत होते ती इथे. याला कीटक जिवंत हवा असतो, कारण उरलेले अर्धे काम बाहेर आहे.

ते अर्धे काम असे. त्याच चिलटाने त्याच जातीच्या दुसऱ्या फुलाच्या वासाला पुन्हा भुलायचे, पुन्हा घसरायचे, पुन्हा अडकायचे. या वेळी सोंडेला लटकलेली पिशवी दुसऱ्या फुलाच्या फटीत अचूक शिरली आणि तिथे तुटून राहिली, तर परागीभवन झाले. फट आणि पिशवी यांची मापे इतकी जुळती असतात की दुसऱ्याच कोणाची पुडी तिथे सहसा बसत नाही.

सगळे किंवा काहीच नाही

या व्यवस्थेचा फायदा मोठा आहे. एकच पिशवी जागेवर पोचली तरी तिच्यात शेंगेतल्या सगळ्या बियांना पुरतील इतके परागकण असतात. तोटाही तितकाच मोठा. पिशवी हरवली की सगळे गेले. सुटे पराग उधळणाऱ्या झाडाचे थोडे इथे पडले, थोडे तिथे, तरी चालते. इथे मधली अवस्था नाही. म्हणूनच या कुळात फुले पुष्कळ आणि शेंगा थोड्या असे चित्र नेहमी दिसते. बहुतेक फुले शेंग न धरताच गळून जातात.

शेंग धरली तर ती लांब, अरुंद असते आणि बहुधा जोडीने येते. वाळल्यावर एका बाजूने उकलते. आत चपट्या बिया एकावर एक रचलेल्या असतात आणि प्रत्येक बीला रेशमी केसांचा झुबका असतो. लहानपणी आपण वाऱ्यावर उडणाऱ्या ज्या म्हातारीमागे धावलो, ती हीच युक्ती. झुबका बीला वाऱ्यावर सोडून देतो, पण बी कुठे उतरेल हे त्याच्या हातात नसते. उघड्या कातळावर पडली तर वाया, शेतात पडली तर नांगराखाली, दाट झाडोऱ्यात पडली तर सावलीत. तिला हवी असते मातीने भरलेली फट किंवा उतारावरची पातळ मातीची पट्टी, उघडे ऊन, चार महिने ओल आणि पाणी साचून न राहणारी जागा.

अशी जागा सह्याद्रीत गडांच्या आणि पठारांच्या माथ्यांवर मिळते. पण एक माथा आणि दुसरा माथा यांच्यामध्ये खोल दरी, शेती, वस्ती आणि वेगळेच हवामान असते. अंजनेरीवरून निघालेल्या बीला दुसरा योग्य माथा गाठणे जवळपास अशक्य. समुद्रातल्या बेटांवर होते तेच इथे होते. एकमेकांपासून तुटलेल्या माथ्यांवर, पिढ्यान्‌पिढ्या वेगळे राहून, वेगवेगळ्या जाती घडतात. अंजनेरीवर एक, हरिश्चंद्रगडावर दुसरी, पाचगणीच्या पठारावर तिसरी.

आता सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येते. कंदीलपुष्पाला फळायचे तर एकाच जातीची दोन झाडे एकाच वेळी फुललेली हवीत, आणि तीही एका चिलटाच्या आवाक्यात हवीत. झाडे विरळ झाली की पहिल्या फुलातून सुटलेल्या चिलटाला दुसरे फूल भेटतच नाही. पुडी सोंडेलाच राहते. शेंगा कमी, बिया कमी, पुढच्या पिढीत झाडे आणखी विरळ. एका मर्यादेखाली गेल्यावर दुर्मीळपणाच दुर्मीळपणा वाढवतो. झाडे डोळ्यांना दिसत असतात, दरवर्षी फुलतही असतात, पण त्यांची वंशवेल थांबलेली असते.

कुदळ, रस्ता आणि चूल

संख्या त्या मर्यादेकडे ढकलणारी कारणे साधी आणि रोजची आहेत. कंद खाण्याजोगा असतो. गुराखी आणि डोंगरातली माणसे तो पूर्वापार खणून खात आली आहेत. रानडुक्कर आणि साळिंदरही तो शोधून काढतात. झाडे भरपूर असताना याने बिघडत नव्हते. आता मात्र एक कंद गेला म्हणजे अनेक वर्षांचे एक झाड गेले, असा हिशोब आहे. ऐन पावसात गुरे कोवळी खोडे खातात. उन्हाळ्यात लावलेले वणवे जमिनीवर पडलेले बी जाळतात. पठारांवर रस्ता, हॉटेल किंवा पवनचक्कीसाठी खोदकाम झाले की मातीचा तो पातळ थरच खरवडला जातो, आणि तो पुन्हा तयार व्हायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. गर्दीच्या ट्रेकमध्ये तंबूसाठी दगड हलवले जातात, चुली मांडल्या जातात. ज्या फटीतला दगड उचलला, तिथेच कंद असू शकतो.

रक्षणाचे कामही झाले आहे. अंजनेरीला २०१७ साली संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. क्षेत्र सहा चौरस किलोमीटरहूनही कमी, पण गिधाडे आणि कंदीलपुष्प दोघांनाही त्याचा आधार आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, नव्या जाती नोंदवल्या आणि विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात अनेक जाती वाढवल्या. उतीसंवर्धनाने रोपे तयार करण्याची तंत्रेही काही जातींसाठी बसवली गेली आहेत.

प्रयोगशाळेतली रोपे ही ठेव म्हणून मोलाची, पण ती पठाराची जागा घेऊ शकत नाहीत. एकाच झाडाच्या उतीपासून केलेली शंभर रोपे म्हणजे जनुकांच्या दृष्टीने एकच झाड शंभर वेळा. शिवाय कुंडीतल्या झाडाला योग्य चिलट आणि योग्य शेजार कुठून मिळणार? चिलटांच्या अळ्या वाढायला कुजका पाचोळा, ओली माती, इतर कीटक लागतात. म्हणजे कंदीलपुष्प राखायचे तर फट, माती, गवत आणि डासाएवढ्या माश्या, सगळेच राखावे लागते. राखीव क्षेत्राची हद्द म्हणूनच झाडाभोवती आखून भागत नाही, ती डोंगराभोवतीच आखावी लागते.

वाचकांसाठी

कंदीलपुष्प जवळून पाहायची इच्छा झाली असेल, तर त्याची एक सोपी वाट आहे. स्ट्रिंग ऑफ हार्ट्स या नावाने रोपवाटिकांत मिळणारी, बदामाच्या आकाराच्या ठिपकेदार पानांची लोंबती वेल ही सेरोपेजियाच. तिचे मूळ आफ्रिकेच्या दक्षिण भागातले. बाल्कनीत तिला फुले आली की त्यातले एक ब्लेडने उभे चिरा आणि भिंग धरा. कुपी, नळी, खाली वळलेले केस आणि तळाचा स्तंभ, वर सांगितलेले सगळे तिथे पाहायला मिळेल.

डोंगरावर मात्र हात खिशात ठेवा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पठारावर जाल तर मळलेली वाट सोडू नका, दगड उलटू नका आणि छायाचित्रासाठी आजूबाजूचे गवत उपटू नका, कारण त्यातच कंदीलपुष्पाचे न फुललेले रोप असू शकते. छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकताना नेमके ठिकाण लिहू नका. कोणी कंद विकायला आणला तर घेऊ नका. घरी लावून तो जगला, तरी दुसऱ्या झाडावाचून आणि त्या चिलटावाचून त्याला शेंग धरण्याची आशा नाही. अंजनेरीची ही जात अंजनेरीवरच टिकेल, आणि ती टिकवण्यासाठी येणाऱ्या प्रत्येकाने एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले.